‘घराच्या मागं काय हाय?’

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर पाव्हणेपण काढतो. आमचे घरमालक यातलं काहीच विचारत नसत. ते विचारत, ‘‘तुमच्या घराच्या मागं काय हाय?’’

मलाही त्यांनी तेच विचारलं. मी खोली बघायला गेले होते. खांद्यावर वळकटी, हातात शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद, आणि आणे या माझ्या गावाहून शिनोलीपर्यंत एसट्या बदलत येऊन पुढे तासभर डोंगरात चालल्यामुळे अंगाचा पार खुळखुळा झालेला. भाडं किती, पाणी कुठून आणायचं, हे माझे प्रश्न तोंडातच राहिले. दारात एक उंच, काळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डोक्यावरून समोरच्या डोंगराकडे बघत त्याने तो प्रश्न टाकला.

‘‘कोणाच्या घराच्या?’’ मी गोंधळून विचारलं.

‘‘तुमच्या. गावाकडच्या.’’

‘‘मागे काहीच नाही. आमचं आण्याचं पठार. बाजरीचं रान आणि त्याच्या मागे आभाळ.’’

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी जणू सोन्याची खाण सांगितली! आत वळून ते बायकोला ओरडले, ‘‘आगं, ऐकलं का? बाईंच्या घरामागं आभाळ हाय! च्या टाक.’’

झालं, खोली मिळाली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं.

चहा येईपर्यंत मी सहज खिडकीकडे पाहिलं. खिडकीत दारूच्या सात रिकाम्या क्वार्टर, ओळीने, शिस्तीत मांडलेल्या. पहिली नोकरी, परकं गाव, आणि घरमालक पिणारा! वडिलांना काय कळवू? जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी डकवलेली. सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हणजे हे गृहस्थ वाराचा नेम धरून पितात की काय? मावशी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली आणि माझं तोंड बघून पदर तोंडाला लावून हसली. ‘‘भिऊ नगा बाई. त्येनला च्याबिगर कसलं व्यसन न्हाई. डोंगराचं येक सोडलं तर.’’

ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. मी गेले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, पण सगळी वाडी त्यांना मुकादमच म्हणायची. मावशीसुद्धा. बाटल्यांचं प्रकरण त्यांनीच मला समजावून दिलं. शाळेच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक झरा होता. पावसाळ्यात रोज सकाळी मुकादम तिथे जाऊन त्या दिवसाची बाटली भरत, आणून खिडकीत ठेवत आणि कालच्या बाटलीशी ताडून बघत. पाणी निवळ असलं की खूश. जरा गढूळ दिसलं की छत्री उचलून तडक वर.

‘‘डागदर आपली लगवी तपासतो का न्हाई?’’ ते मला म्हणाले. ‘‘तसंच हे. डोंगर आजारी पडला, की आधी त्याचं पानी बिघडतं.’’

हे वाक्य माझ्या वर्गातल्या पोरांच्या कानावर गेलं आणि झऱ्याचं नवं नाव पडलं. ते काय पडलं हे मी इथे लिहीत नाही. आठ दिवस मी छडी घेऊन ते नाव पुसत होते.

मुकादमांचं घर डोंगराच्या सोंडेवर, बाजूला पुढे आलेल्या खडकाळ धारेवर होतं. वाडी खाली, वाऱ्याच्या आडोशाला, उबेत वसलेली. आणि हा माणूस वाडीतलं वडिलांचं घर सोडून वर, जिथे वारा कौलं उडवतो आणि पाण्याचा हंडा चढवताना बायकोची कंबर मोडते, तिथे घर बांधून राहिलेला. वाडी त्यांना वेडं म्हणायची. मीही पहिल्या पावसाळ्यात, रात्रभर खिडकी थडथडत असताना, त्यांना काय काय म्हटलं असेल ते माझं मला ठाऊक.

आणि त्यांचं जेवण! पावसाळ्याचे चार महिने मुकादम कधी बसून जेवले नाहीत. दारात उभं राहायचं, ताट डाव्या हातावर, तोंड समोरच्या डोंगराकडे, आणि घासागणिक नजर वर. डोंगराकडे पाठ म्हणून करायची नाही. पाहुणे आले तरी हेच. गावजेवण असलं तरी हेच. मुकादमांचं घर बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी देव नाही. गावजेवणात वाडीतल्या दोन बौद्ध घरांची पंगत शेवटी आणि जराशी बाजूला बसायची. कुणी तसं बोलून दाखवत नसे, पण होत आलेलं होत राहायचं. मुकादम तिथेही ताट घेऊन उभेच. वाडीतले लोक म्हणायचे, मुकादमाला लई ताठा, आपल्यात बसायचं नाही त्याला. मला वाटायचं, हा त्यांचा राग आहे, आणि मला तो पटायचा.

खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी ते दारात उभे राहून जेवत होते, पाऊस थांबला होता, आणि मी जरा जास्तच खोदून विचारलं होतं.

‘‘घाटात काम व्हतं आमचं,’’ ते म्हणाले. ‘‘पाऊस आला म्हणून आमी पाच जन कापलेल्या दरडीखाली, कपारीत भाकरी खायाला बसलो. नालीतलं पानी लाल झाल्यालं मी बघितलं व्हतं. पन तवा कुटं ठावं व्हतं त्याचा अर्थ काय त्ये. मंग बारीक बारीक खडं पडाया लागलं. मी म्हनलो, उठा रं. तिघं उठलं. चौथा म्हनला, मुकादम, घास तोंडात हाय, येवढी चतकोर संपवतो आन येतो.’’

त्यांनी एकवार समोरचा डोंगर न्याहाळला. मग ताटातला शेवटचा तुकडा उचलून म्हणाले, ‘‘बाई, मानूस आगीतनं उठल, पन भाकरीवरनं उठत न्हाई. त्याला तरी काय बोल लावायचा?’’

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या सातही बाटल्यांकडे नीट पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि मी इतके दिवस मनातल्या मनात हसत होते याची लाजही वाटली.

पण असं गंभीर फार वेळ राहू देतील तर ते मुकादम कसले! त्यांच्या मुलीचं स्थळ आलं ती गंमत सांगते. मुलगा येडगावचा, नोकरीला, दिसायला बरा, घरचं पाच-सहा एकर रान. मावशी हरखून गेलेली. बघायला आम्ही तिघे गेलो. मला ‘शिकलेलं मानूस’ म्हणून नेलं होतं. पोहे आले, मुलगा आला, मुलाच्या वडिलांनी गप्पा सुरू केल्या, आणि मुकादम गायब. शोधलं तर गृहस्थ घराच्या मागे. मागचं टेकाड उभं कापून त्या लोकांनी गोठ्याला जागा काढली होती. मुकादम त्या कापलेल्या मातीला हात लावून बघत होते, मूठभर माती चुरगाळून वास घेत होते.

पुढे येऊन त्यांनी निकाल दिला. ‘‘पोरगा झ्याक हाय. टेकाड वंगाळ हाय.’’

मावशीने कपाळावर हात मारला. मुलाचे वडीलही तसेच खमके. म्हणाले, ‘‘पावणं, लगीन टेकाडाचं लावायचं का पोराचं?’’

‘‘माझी पोर त्या टेकाडाला पाठ लावून निजनार हाय,’’ मुकादम म्हणाले. ‘‘उभं कापलंय त्ये पायऱ्या पायऱ्यांनी उतरतं करा. वरल्या अंगाला चर खणा, पावसाचं पानी बाजूनं काढून द्या. मंग तारीख काढू.’’

महिन्याभराने ते येडगावचे पाहुणे सोंडेवर आले, हाताचे फोड दाखवत. ‘‘घ्या! सोता खणला चर. आता तरी पोरगी देता का?’’ मुकादम त्यांना कडकडून भेटले. लग्नात मुलीला निरोप देताना बाप रडला नाही, पण चर बघायला दोनदा मागे जाऊन आला!

शाळेत मी त्यांना खेळाच्या तासाला बोलवू लागले. ते पोरांना एकच खेळ शिकवत. दरड आली की पळायचं कुठे? पोरं ओरडायची, ‘‘खाली!’’ मुकादम कपाळ बडवत. ‘‘खाली पळाल तर ती बी खालीच येनार हाय, तुमच्यापरीस जोरात! आडवं पळायचं, आडवं! सोंडंवर!’’ मग ते टाळी वाजवत आणि चाळीस पोरं ‘‘खाली न्हाई, आडवं!’’ असा गजर करत शाळेपासून सोंडेपर्यंत धूम ठोकत. धापा टाकत वर आलेल्या पोरांना मावशी मूठमूठ शेंगदाणे द्यायची. शेंगदाण्यांसाठी पोरं रोज दरड मागायची.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात मात्र त्यांची फजिती झाली. ऐन आवणीचे दिवस. प्रत्येक घर भात लावायला चिखलात उतरलेलं. आणि मुकादम पत्र्याचा डबा बडवत वाडीभर फिरले, ‘‘चला, वर चला, पानी गढूळ झालंय!’’ लोक आले. गुरं आली, म्हातारी माणसं पाठंगुळीला आली. दिवसभर सगळे सोंडेवर भिजत बसले. डोंगर जागचा हलला नाही. वर कुठे तरी गुरांनी झरा तुडवला होता, इतकंच. संध्याकाळी पोलीस पाटील सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘आवणीचा आख्खा दिस घालवला ह्या मानसानं. इथून पुढं मुकादमानं डबा वाजवला तर कुनी जाग्यावरनं हलायचं न्हाई.’’

पाटील वाईट माणूस नव्हता. तापट होता, पण शाळेचं पत्र्याचं छप्पर उडालं तेव्हा पहिला खांद्यावर पत्रा घेणारा तोच. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आता मुकादम खचतील. घरी येऊन पाहते तर हे गूळ-शेंगदाणे वाटीत भरून दारात उभे. ‘‘घ्या बाई, तोंड ग्वाड करा.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘कशाबद्दल म्हंजी? पडला न्हाई की डोंगर!’’

अशा माणसावर चिडायचं कसं, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या उन्हाळ्यात वाडीत मशीन आलं. त्या भागात उतारावर भातखाचरं काढायची रीत जुनी. चार घरं मिळून एकेकाच्या रानात राबायची, हाताने दगडाची ताल, म्हणजे बांध, रचायची, माती धरायची. त्याला पडकई म्हणतात. एका खाचराला दोन-दोन उन्हाळे जायचे. मशीनने शाळेच्या बरोबर वरच्या अंगाला पाटलांची तीन खाचरं चार दिवसांत काढली. वाडी बघायला लोटली. मीही गेले. काय तो पंजा, काय त्याची ताकद! सगळे टाळ्या पिटत होते आणि मुकादम एकटे मशीनच्या पुढे पुढे धावत ओरडत होते, ‘‘आरं, ताल दगडाची घाला! दगडातनं पानी झिरपतं! ही भुसभुशीत माती कडंला ढकलून काय उपेग? आन त्यो ओघळ नगा बुजवू, पान्याची वाट हाय ती!’’

ओघळ बुजला. ‘‘खाचर चार हात वाढलं,’’ पाटील खुशीत म्हणाले. खाली शाळेच्या मागेही नव्या खोलीसाठी डोंगर आधीच उभा कापलेला होता. वर पायवाटेत बारीक भेग पडली होती. मुकादमांनी तिथे दोन खुंट्या ठोकल्या, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि मधे सुतळी बांधली, सैल, तीन बोटांचा झोळ ठेवून. रोज जाऊन तो झोळ बोटांनी मोजू लागले. भेग रुंदावली की झोळ कमी होणार.

त्या पावसाळ्यात चार दिवस एक मिनिट उघडीप नव्हती. शिनोलीकडचा रस्ता बंद, आमचे मुख्याध्यापक घोडेगावला अडकलेले, शाळा माझ्या एकटीवर. शनिवारी सकाळी नव्या खोलीच्या मागे, कापलेल्या दरडीच्या बुडाशी, पाण्याची धार फुटली. मनगटाएवढी! काल तिथे कोरडी माती होती.

आता माझी चूक ऐका, आणि हसू नका. मी आण्याची मुलगी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावताना माझ्या आईच्या चपला तुटल्यात. जमिनीतून आपणहून पाणी यावं, कुणी न खणता, न मागता, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी वेडी झाले. पाय भिजवले, तोंडावर मारलं, पोरांना बोलावून ओंजळी भरायला लावल्या. आणि मीच पोराला पाटलांकडे धाडलं, ‘शाळेत गंगा आली’ म्हणून!

पाटील आले, नारळ आला, हळदकुंकू आलं. बायांनी ओटी भरली. ठरलं, उद्या रविवारी शाळेच्या पडवीत सगळ्या वाडीला लापशी. गंगा दारात आली तर तिला उपाशी कसं धाडायचं?

मुकादम आले, धारेत हात घालून बघून गेले. वर जाऊन आले ते चिखलाने माखून. सुतळीचा झोळ संपला होता, ती तारेसारखी ताठ झाली होती. त्यांनी पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं. पाटील म्हणाले, ‘‘मागच्या साली पानी, आवंदा सुतळी! मुकादम, तुमाला देव न्हाई, म्हणून आमची गंगा तुमच्या डोळ्यात खुपती.’’

हे मुकादमांना लागलं. त्यांनी मान खाली घातली आणि वर निघून आले. जेवले नाहीत. मी त्यांच्याशी नजर मिळवू शकले नाही.

रविवारी सकाळी बाटली लाल आली. चहासारखी नाही, वीट उगाळल्यासारखी. आणि दहा-अकराच्या सुमाराला ती मनगटाएवढी धार एकदम थांबली. पाऊस कोसळतोय आणि धार बंद! खाली लोक म्हणाले, गंगा तृप्त होऊन गेली. एका पोराने वर येऊन ते सांगितलं मात्र, मुकादम अनवाणी धावत सुटले. मी त्यांच्या मागे.

पडवीत पोरांची पहिली पंगत बसली होती. पत्रावळी मांडलेल्या. चुलीवरून नुकता उतरवलेला लापशीचा टोप मधोमध, त्याच्या दोन्ही कानांत दोरी घातलेली आणि वाहून आणलेला बांबू बाजूला पडलेला. गुळाचा असा खमंग वास सुटलेला!

‘‘उठा,’’ मुकादम म्हणाले. ‘‘वरलं पानी आतल्या आत तुंबलंय. खाली वाट बंद झालीय. आता त्ये डोंगर घिऊनच येनार. उठा!’’

कुणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, ‘‘जेवू तरी द्या पोरान्ला.’’

त्या शब्दावर मुकादमांचा चेहरा बदलला. मला कळलं त्यांना काय दिसलं ते. त्यांनी पोरांकडे पाहिलं, मग पत्रावळींकडे, मग टोपाकडे. आणि चार ढांगांत पुढे होऊन त्यांनी दोरीत बांबू घातला.

वाढणाऱ्या बाया मागे सरल्या. ज्या माणसाच्या हाताला गावजेवणात कुणी कधी डाव लागू दिला नव्हता, त्याने गंगेच्या लापशीला हात घातला होता.

‘‘बाई,’’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘दुसरं टोक धरा.’’

मी खोटं सांगणार नाही, मी कचरले. मला याच वाडीत नोकरी करायची होती. पण त्या पाण्याला गंगा मीच ठरवलं होतं! मी टोक खांद्यावर घेतलं.

आणि आम्ही निघालो. काय वरात होती ती! पुढे साठीचा मुकादम, मागे मी, मधे हेलकावे खाणारा उकळता टोप, पायाखाली लाल राड. दोन पावलं गेलो तोच मागून गजर झाला, ‘‘खाली न्हाई, आडवं!’’ पोरं उठली होती! त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला. आणि आज तर शेंगदाण्यांऐवजी लापशी! चाळीस पोरं टोपाच्या मागे. पोरांच्या मागे आया, ‘‘आरं मेल्या, थांब!’’ करत. आयांच्या मागे बाप. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन तरणी पोरं, कारण सगळे गेल्यावर एकट्याने पडवीत बसून करायचं काय? सगळ्यात शेवटी काठी घेऊन पाटील. मला चटके बसत होते, खांदा सोलून निघाला होता, आणि तरी, देवाशपथ, मला हसू फुटत होतं.

सोंडेवर, मुकादमांच्या अंगणात टोप टेकला. पाटील धापा टाकत आले. ‘‘बाटवलंस! सगळ्या वाडीचं जेवान बाटवलंस!’’

‘‘बाटलं म्हना,’’ मुकादम म्हणाले. ‘‘पन हितं वर उभं राहून म्हना.’’

पाटलांची काठी उगारली गेली. मी मधे पडले. बराच वेळ आरडाओरडा झाला. समोरचा डोंगर पावसात गप्प उभा. मुकादमांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती, आणि मी मनात त्या डोंगराला म्हणत होते, पड रे बाबा, नाही तर या माणसाचं काही खरं नाही. मग माझीच मला भीती वाटली.

शेवटी पाटलांनी चार जणांना खूण केली. टोप उचला, चला खाली, नवी लापशी शिजवू. लोक वळले. तेव्हा मुकादमांनी हात जोडले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं.

‘‘पाटील, येक पंगत हितं व्हऊ द्या. फकस्त पोरांची. न्हाई पडला तर ह्यो टोप मी सोता खाली पोचवतो, आन मरंस्तवर डोंगराचं नाव काढनार न्हाई. बाटल्या फोडून टाकतो.’’

पाटील थांबले. पोरं भुकेने रडकुंडीला आली होती. त्यांनी सोंडेवरच्या ओल्या दगडांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि पुटपुटले, ‘‘येक पंगत.’’

मावशीने घरातली ताटं काढली. मी वाढायला घेतलं. कुणाच्या हातावर, कुणाच्या ताटलीत, कुणाच्या पाटीवर. पोरं तुटून पडली. एक पोरगी म्हणाली, ‘‘बाई, अजून.’’ मी डाव टोपात घातला आणि आवाज आला.

गडगडाट नव्हता तो. जमिनीच्या आतून कुणी तरी जड दगडी जातं ओढावं तसा. वर पाटलांची तीन खाचरं वाकली. मग मधला सगळा उतार, त्यावरची झाडं उभीच्या उभी, जशी असतील तशी, खाली चालत आली. ओल्या मातीचा वास नाकात भरला. शाळेची नवी खोली, पडवी, चूल, मांडलेल्या पत्रावळी, सगळं एका दमात गेलं. पाटलांचा गोठा गेला, आत एक वासरू होतं. मग सगळं शांत झालं आणि पाऊस पुन्हा ऐकू यायला लागला.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी हजेरी घेतली. पाठ होती ती मला, पहिलीपासून चौथीपर्यंत. एकेक नाव ओरडले, आणि एकेक ‘‘हजर!’’ ऐकताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. चाळीस नावं, चाळीस हजर. त्याइतका आनंद मला आयुष्यात पुन्हा कशानेही झालेला नाही.

आता मी जुन्नरला असते. मुकादम राहिले नाहीत. फ्लॅट घेताना मी बिल्डरला स्वयंपाकघर दाखवू दिलं नाही, आधी म्हटलं, मागे काय आहे ते दाखवा. तो अजून मला विचित्र बाई समजतो.

पण त्या दिवसाचं राहिलंच. हजेरी संपली तेव्हा पाटील वासराच्या दिशेने बघत उभे होते. मग ते वळले, मावशीच्या हातातलं ताट घेतलं, टोपात डाव घातला आणि स्वतः वाढून मुकादमांसमोर आले. मुकादम नेहमीसारखे उभेच होते, तोंड डोंगराकडे.

‘‘मुकादम,’’ पाटील म्हणाले, ‘‘बसा आता.’’

त्यांनी आपलं घोंगडं दगडावर अंथरलं आणि शेजारी स्वतः बसले. मुकादमांनी एकदा समोर पाहिलं. मग ते हळूच वळले आणि डोंगराकडे पाठ करून, मांडी घालून जेवायला बसले. लापशी पार गार झाली होती. त्यांनी दोनदा मागून घेतली.